वावराचं वर्गमूळ

धाड, जि. बुलढाणा
४ ऑगस्ट २०२४

चि. प्राचीस अनेक आशीर्वाद.

बाजाराच्या दिवशी तुझे वडील भेटले. शंकररावांनी भेंडीच्या ढिगामागून हात हलवून मला थांबवलं आणि माझ्या वहीत तुझा पुण्याच्या होस्टेलचा पत्ता लिहून दिला. वही काऊन, असं तू विचारशील. गेल्या पावसाळ्यात मला मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो दोन्ही कान घेऊनच. आता वीज पडली तर उजेड दिसतो, एवढंच. लोक वहीत लिहितात, मी वाचतो.

शाळेनं नववी-दहावीचं गणित माझ्याकडून काढून ग्रंथालयाची किल्ली दिली. तू वाईट वाटून घेऊ नकोस, हे तात्पुरतं आहे. डॉक्टरांनी कानाचं यंत्र सांगितलंय. दिवाळीनंतर मी वर्गावर असेन.

तोवर शेजारच्या संगणकाच्या खोलीत बसतो. बी.एस्सी.ला असताना जे पाठ केलं पण कळलं नाही, ते आता शिकावं असं ठरवलंय. इंटरनेटवर गणिताचे हजारो व्हिडिओ आहेत, पण सगळे बोलतात! खाली अक्षरं उमटवायची सोय असते, ती चालू केली. व्हिडिओतले सर सांगत असणार, त्रिकोणाच्या तीन बाजू. खाली उमटलं, 'तरी कोणाच्या तीन बाजू'. मी बराच वेळ विचार करत बसलो, तरी कोणाच्या?

तू एम.एस्सी.ला गणित घेतलंस. तुम्हाला संगणकावर गणित करायला शिकवतात म्हणे. माझ्यासारख्याला नुसतं वाचून शिकता येईल असं काही आहे का? व्हॉट्सअॅपवर विचारलं असतं, पण तिथं एक अंगठा येतो आणि बोलणं संपतं. मला पानभर बोलायचं असतं. पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलंय.

तुझा,
कडूबा सोनुने (सर)


पुणे
१९ ऑगस्ट २०२४

आदरणीय सरांना सादर नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आजारपणाचे वाचून फार वाईट वाटले. यंत्र लवकर मिळो.

माझे येथे उत्तम चालले आहे. वर्गातील मुले-मुली हुशार आहेत, मैत्रिणीही झाल्या. आपण विचारले त्याबद्दल लिहिते. अनेक विद्यापीठांनी आपली पुस्तके इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, ती घरबसल्या वाचता येतात. आलेख काढून देणारी संकेतस्थळे आहेत. समीकरण लिहिले की वक्र समोर येतो. एक प्रश्नोत्तरांचे स्थळ आहे, तेथे जगभरचे लोक गणिताच्या शंका विचारतात आणि उत्तरे देतात. भाषांतराची सोय वापरून आपणही विचारू शकता. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे ऑनलाइन वही. त्यात प्रोग्राम लिहायचा आणि बटण दाबायचे, उत्तर खालीच येते. आपल्या संगणकात काहीही भरावे लागत नाही.

सुरुवात म्हणून वर्गमूळ काढण्याचा एक छोटा प्रोग्राम सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे. हा मी वर्गात केला होता. ओळींपुढील मोकळी जागा आहे तशीच ठेवावी.

आपली विद्यार्थिनी,
प्राची


धाड
८ सप्टेंबर २०२४

चि. प्राची,

तुझा कागद समोर ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. बटण दाबलं तर लाल अक्षरांत चूक आली. चौथ्या ओळीपुढची मोकळी जागा कमी पडली होती. ती नीट केली, तर सातव्या ओळीत दुसरी चूक. पण खरं सांगू, मला राग आला नाही. लाल का होईना, पण त्यानं मला लगेच उत्तर दिलं. वर्षभरात माझ्याशी इतक्या लगेच कोणी बोललं नव्हतं. माणसं आधी पेन शोधतात. मग दहा शब्दांचं दोन शब्दांत लिहितात. घरी कौशल्या सुरुवातीला चार-चार ओळी लिहायची. तिची शाळा चौथीत सुटलेली, बोटं दुखतात तिची. आता वहीत 'जेवा' एवढंच येतं.

तिसऱ्या वेळी प्रोग्राम चालला. बाराचं वर्गमूळ आलं, ३.४६४१. मी उभा राहिलो खोलीत. पाहायला कोणी नव्हतं.

ते प्रश्नोत्तरांचं स्थळही पाहिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक शंका टाकली, तर कुठल्या तरी देशातल्या माणसानं आकृती काढून उत्तर दिलं. तिथं सगळेच बहिरे, सगळेच मुके. मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट कळली नाही. तुझ्या सहाव्या ओळीत अंदाज घेतलाय, मग बाराला त्या अंदाजानं भागलंय, आणि दोघांची सरासरी काढलीय. पुन्हापुन्हा तेच. आपण काढतोय वर्गमूळ, मग सरासरी कुठून आली? तुला हे माहीतच असेल. दोन ओळी लिही.

सर


पुणे
२ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,

सा. न. उशिराबद्दल क्षमस्व. सबमिशन चालू आहेत. सरासरीबद्दल आपण विचारले, ती पद्धतच तशी आहे. न्यूटनची पद्धत म्हणतात. सविस्तर पुढील पत्रात लिहिते. मी मजेत आहे.

प्राची


धाड
१५ डिसेंबर २०२४

चि. प्राची,

दिवाळीत एक पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. आधी वाटलं, म्हातारा मास्तर डोक्याला ताप झाला असेल. मुलं मोठी होतात, त्यांना वेळ नसतो. हे पत्र लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. मग परवा शंकरराव भेटले. वहीत त्यांनी लिहिलं, 'पोरगी दिवाळीले नाई आली. अभ्यास लय आहे म्हणे. फोनवर दोन मिनिटंच बोलते.' ते वाचल्यापासून तुझाच विचार आहे.

म्हणून आज लिहितोय. आधी माझं सांगतो.

पहिल्याच पत्रात मी तुला खोटं लिहिलं. यंत्र कधीच येणार नव्हतं. माझ्या दोन्ही कानांच्या नसा गेल्या आहेत, यंत्राचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी जुलैतच लिहून दिलं होतं. तो कागद खिशात ठेवून मी तुला 'दिवाळीनंतर वर्गावर असेन' असं लिहिलं. काऊन? तू मला फळ्यापुढं उभं असलेलं पाहिलंयस. तेवढ्या एका माणसाच्या डोळ्यांत तरी मी अजून तिथंच उभा असावा, असं वाटलं.

आता दुसरं. सरासरीचं कोडं सुटेना म्हणून मी त्या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर शोधत होतो. तिथं तुझा प्रोग्राम सापडला, नऊ वर्षांपूर्वी कोणी परक्या माणसानं लिहिलेला. ओळ न् ओळ तीच. त्यानं अंदाजासाठी जो इंग्रजी शब्द घेतलाय त्यातलं एक अक्षर गळालंय. तुझ्या कागदावरही तेच अक्षर गळालंय.

पोरी, मी चिडलेलो नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझी प्रात्यक्षिकाची आख्खी वही मित्राच्या वहीवरून उतरवलेली होती. मला फक्त एवढं कळतं, की जिला वर्गात चार मैत्रिणी आहेत ती असं लपवत नाही.

सरासरीचं मला कळलं ते लिहितो. तुझ्या शेतावरून कळलं. समज, बारा एकक क्षेत्राचं वावर आहे आणि ते चौरस करायचंय. चौरसाची बाजू म्हणजेच वर्गमूळ. ती माहीत नाही म्हणून अंदाज केला, तीन. मग दुसरी बाजू किती? बारा भागिले तीन, चार. म्हणजे वावर चौरस नाही. एका बाजूनं आखूड, दुसरीनं लांब. खरी बाजू या दोघींच्या मध्येच कुठं तरी असणार. म्हणून मधलं घ्यायचं, साडेतीन. मग दुसरी बाजू ३.४२८ येते. बघ, दोघी किती जवळ आल्या! पुन्हा मधलं, ३.४६४. दर खेपेला वावर चौरसाच्या जवळ जातं, क्षेत्र मात्र बाराच राहतं. अंदाज चुकीचा असला तरी चालतो. तो धरून चालायला लागायचं.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

सर


पुणे
६ जानेवारी २०२५

सर,

आता नीट मराठीत नाई लिहीत. आपल्या बोलीत लिहितो, नाईतर पुन्हा खोटं लिहिनं होईल.

मले एकही मैत्रीण नाई. पहिल्याच आठवड्यात कम्प्युटरच्या तासाले मॅडमनं काही तरी सांगतलं, मले समजलं नाई, मी जोरानं म्हटलं, 'काऊन पण?' सारा वर्ग हसला. लय दिवस मले पाहून 'काऊन, काऊन' करत व्हते. त्यायनं वाईट मनानं नसन केलं. पण मी तोंड बंदच केलं. इथल्या साऱ्यायनं प्रोग्राम लिहिनं आधीच शिकलेलं. मी बुलढान्याले बी.एस्सी. केली तेव्हा लॅबमंदी दहा जणात एक मशीन, त्याले हात लावाचा नंबरच नाई आला.

सप्टेंबरपासून त्या तासाले गेलीच नाई. रूमवर व्हिडिओ पाहाचे. एक नाई समजला की दुसरा लावाचा, दुसरा नाई समजला की तिसरा. दिवसभर कोनी ना कोनी मले गनित समजावून सांगून राह्यलं, अन् माह्यासंग एकही मानूस बोलून नाई राह्यलं. तुमाले ऐकू नाई येत म्हून त्रास व्हते. मले तर सारं ऐकू येते, तरी काईच नाई पोचत.

कम्प्युटरचा पेपर झाला. कोराच देऊन आली. निकाल यायचा आहे, पन तो काय येईल ते मले मालूम आहे. घरी म्हटलं, चांगला गेला.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, एक तरी मानूस मले हुशार समजते. म्हून तो प्रोग्राम उतरून पाठवला. अन् तुमी विचारलं, सरासरी कुठून आली. मले काय माहीत कुठून आली! त्या दिवशी तुमचं पत्र पेटीत खाली टाकून देलं.

तुमचं वावराचं वाचलं. कागदावर काढून पाह्यलं. मंग स्वतः टाइप केलं, कुठंच न पाहता. वीसचं वर्गमूळ काढलं. पाच खेपा चुकलं, सहाव्या खेपेले आलं. चार महिन्यात पयल्यांदा मले काही समजलं.

आनखी लिहान का, सर?

प्राची


धाड
१४ जानेवारी २०२५

चि. प्राची,

तिळगूळ घे.

लिहीन. पण माझ्या दोन अटी आहेत. एक, दुसऱ्याचा प्रोग्राम उतरवायचा नाही. वाचायचा, बंद करायचा, मग आपल्या हातानं लिहायचा. चुकला तर चुकू दे. दोन, शंकररावांना सांगायचं. मी सांगणार नाही, ते काम तुझं आहे. मी माझ्या खिशातला कागद कौशल्याला परवाच दाखवला. सहा महिने ती मला रोज विचारत होती, यंत्र कधी येणार.

कागदी पत्रानं चार-आठ दिवस जातात, परीक्षा तेवढी थांबायची नाही. मी शोध घेतलाय, तुझी ती ऑनलाइन वही दोघांना एकाच वेळी उघडता येते. तू पुण्यात, मी इथं. रविवारी सकाळी दहाला. संगणकाच्या खोलीची किल्लीही माझ्याकडेच असते.

सर


पुणे
२८ जानेवारी २०२५

सर,

बाबाले सांगतलं. फोन केला तेव्हा ते वांग्याच्या वाफ्यात व्हते. मी म्हटलं, 'बाबा, मी एका विषयात नापास होऊन राह्यली.' पान्याचा आवाज येत व्हता फक्त. मंग म्हने, 'जेवतं नं तू?' मी म्हटलं, 'हाव.' 'मंग ठीक. पुन्हा दे पेपर.' अन् मले रडू आलं, तर म्हने, 'रडू नको, बाजूच्या वावरातले पाहून राह्यले.' तिकडं ते सोताच रडत असन, नाईतर बाजूचे मले कसे पाहतीन?

निकाल लागला. बाकीच्या विषयात पास. कम्प्युटरचा राह्यला. मे महिन्यात पुन्हा पेपर अन् तोंडी.

या रविवारी दहाले उघडतो वही.

प्राची


धाड
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्राची,

काल आपण बोललोच, तरी हे पत्र लिहितोय, कारण हे त्या वहीत लिहायला लाज वाटली.

मी पावणेदहापासून बसलो होतो. दहा वाजले आणि पानाच्या कोपऱ्यात तुझं नाव आलं. मग खाली एक हिरवी रेघ लुकलुकायला लागली आणि तिच्यातून अक्षर निघालं. एक, मग दुसरं. 'नमस' लिहिलंस, थांबलीस, खोडलंस, 'सर आहे का' लिहिलंस. तुझं थांबणंसुद्धा मला दिसलं. प्राची, माणूस बोलताना अडखळतो, शब्द बदलतो, हे मी दीड वर्षं विसरून गेलो होतो. वहीत लोक मला ठरवून झालेलं वाक्य देतात. काल मी एका माणसाला विचार करताना पाहिलं.

दुसऱ्या गणितात मी उत्तर आधी लिहिलं ते चुकलं माझं. तुला अजून वेळ द्यायला हवा होता. पुढच्या वेळी हात मांडीखाली ठेवून बसेन.

सर


पुणे
१९ जून २०२५

सर,

निकाल लागला म्हणून हे पत्र. मागचे तीन रविवार मी आले नाही, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मी येत नव्हते कारण भीती वाटत होती. तोंडी परीक्षेचं तुम्हाला सांगायचं, तर निकालाच्या आधी कसं सांगणार? आता सांगते. आणि बघा, मराठीही दोन्ही मिसळून येऊन राह्यली, खोडत नाई.

परीक्षक बाहेरच्या होत्या, वयानं मोठ्या. प्रोग्राम चालला. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे उत्तराकडं जातंच कशावरून? माझ्या मागं चार जण नंबर लावून उभे.

मी म्हटलं, 'मॅडम, मराठीत सांगू?'

'सांग.'

'एक वावर आहे समजा. बारा एककांचं.'

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'वावर म्हणजे शेत ना?'

'हाव,' निघून गेलं तोंडातून. मागं कोणी तरी हसलं. मी थांबली. मॅडमनी मागं पाहिलं नाही, कागद माझ्याकडं सरकवला. 'काढून दाखव.'

मी काढून दाखवलं. आखूड बाजू, लांब बाजू, मधली. त्या म्हणाल्या, 'आणि पहिला अंदाज शंभर घेतला तर?' मी म्हटलं, 'जास्त खेपा लागतील, पण येते.' हे कोणीच मला शिकवलं नव्हतं, सर. मार्चमध्ये एकदा मी चुकून शंभर टाइप केलं होतं आणि तुम्ही खोडू दिलं नव्हतं.

पन्नासपैकी चोवीस मिळाले. पास व्हायला वीस लागतात. फार नाहीत. बाकीच्यांना चाळीस-चाळीस आहेत. पण हे चोवीस माझे आहेत.

अजून इथं जेवायला एकटीच बसते. त्या हसणाऱ्यांपैकी एक प्रतीक्षा म्हणून आहे, काल माझ्याजवळ आली, म्हणाली, ते शेताचं मला पण दाखव ना. दाखवलं. मैत्रीण वगैरे काही नाही अजून. बघू.

प्राची


धाड
२९ जून २०२५

चि. प्राची,

तुझं पत्र पोहोचलं.

शाळेनं यंदाही वर्ग दिला नाही. मी अर्ज केला होता, मुलं टाइप करून विचारतील आणि मी फळ्यावर सांगेन, असा. वहीत उत्तर आलं, 'नियमात बसत नाही.' ठीक आहे. आपण दोघांनी रविवारी जे धडे मांडले ते मी स्वच्छ मराठीत लिहून इंटरनेटवर ठेवलेत, अकरा झालेत. संग्रामपूरच्या एका बाईंनी चौथ्या धड्यातली चूक दाखवली. त्या कोण, काय, मला माहीत नाही. चूक मात्र खरी होती.

आता एक गोष्ट जी मी तुला कधीच लिहिली नाही. कान गेले तसं मी बोलणंही सोडलं. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो केवढा निघतोय हे कळत नाही. एकदा शाळेत मी शेजारच्या सरांच्या कानात म्हणून काही बोललो आणि सगळ्यांनी माना वळवल्या. तेव्हापासून मी माझंही वहीतच लिहायला लागलो. शाळेतही आणि घरीही. पावणेदोन वर्षं मी कौशल्यापुढं वही सरकवत राहिलो. ती बिचारी एकेक अक्षर लावून वाचायची. बहिरा मी होतो, प्राची. तिचे कान शाबूत होते. तिच्याशी मी केव्हाही बोलू शकत होतो.

परवा तुझं पत्र आलं तेव्हा ती ओसरीवर डाळ निवडत होती. तिनं पाकीट पाहिलं, खुणेनं विचारलं, काय म्हणते पोरगी? मी सवयीनं वही उघडली. मग बंद केली. तिच्यासमोर बसलो आणि तुझं पत्र मोठ्यानं वाचायला लागलो.

घशात खरखर जाणवत होती, एवढाच मला पुरावा. 'हाव' आलं तिथं ती हसली. चोवीस आले तिथं तिनं डाळीत हात तसाच ठेवला. शेजारच्या कलाबाई धावत दारात आल्या. त्यांना वाटलं असणार, सोनुन्यांच्या घरी भांडण लागलं. म्हणजे मी चांगलाच ओरडत होतो. मी थांबलो.

कौशल्यानं कलाबाईंना हातानंच बाजूला बसवलं आणि मला खूण केली, वाच.

मग मी पहिल्यापासून वाचलं, दोघींसाठी.

सर